मिश्र गट केले, तरी मुलं एकमेकांना भेटलीच नाहीत. आंतरसांस्कृतिक जाण शिकवता येते का?

कंदील (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, ते इथे मांडते. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. यंदा वर्गात छत्तीस विद्यार्थी होते, नऊ देशांतले. सत्राच्या सुरुवातीलाच मी मुद्दाम मिश्र गट पाडले. प्रत्येक गटात चार जण, आणि किमान तीन देश. चार महिने खांद्याला खांदा लावून काम केलं की मुलं एकमेकांना ओळखू लागतील, असं मी धरून चालले होते. प्रकल्पाचे अहवाल छान आले. गुणही चांगले मिळाले.

मग सत्राअखेरचे अभिप्राय वाचायला घेतले. एका मुलीने लिहिलं होतं, ‘चार महिने या गटात होते. माझं नाव कसं उच्चारायचं, हे कुणीही विचारलं नाही.’

त्या वाक्याने झोप उडाली. मी एकेका गटाला बोलावून विचारलं. नऊपैकी सात गटांनी पहिल्याच बैठकीत कामाचे चार तुकडे केले होते. प्रत्येकाने आपला तुकडा घरी बसून लिहिला, आणि ज्याची भाषा सर्वांत चांगली त्याने शेवटच्या रात्री सगळे जोडले. भेटी झाल्याच नाहीत, मग मतभेद कुठून होणार?

आता विभागाने पुढच्या सत्रासाठी ‘आंतरसांस्कृतिक आणि जागतिक क्षमता’ असा दोन क्रेडिटचा विषय माझ्याकडे सोपवला आहे. गुणांसकट. ही गोष्ट शिकवून येते का? येत असेल तर वर्गात नेमकं काय करायचं? आणि गुण द्यायचे तर कशाला? मुलं चांगुलपणाचा देखावा करतील आणि मी त्याला दहापैकी नऊ देईन, ही भीती सर्वांत मोठी आहे.

भटक्या_जमात (सोमवार, रात्री १०.०५)

सरळ सांगतो, वर्गात हे होत नाही. मुलांना एक सत्र बाहेर पाठवा. अनोळखी गावात भाषा येत नसताना खोली शोधायची, आजारी पडल्यावर डॉक्टरला काय होतंय ते समजावायचं. त्यातून जे येतं ते कुठल्याही व्याख्यानातून येत नाही. मी स्वतः त्यातून गेलो आहे.

सावली (सोमवार, रात्री १०.३१)

भटक्या, तुमचा अनुभव खराच. पण पाठवणार किती जणांना? युनेस्कोच्या आकड्यांनुसार जगात उच्च शिक्षण घेणारे पंचवीस कोटींच्या वर आहेत आणि त्यांतले दुसऱ्या देशात जाऊन शिकणारे सत्तर लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरात जेमतेम तीन. उरलेल्या सत्त्याण्णवांनी काय करायचं?

हाच प्रश्न १९९८ साली स्वीडनमधल्या माल्मो विद्यापीठापुढे होता. विद्यापीठ नवंकोरं, परदेशी विद्यापीठांशी करार नाहीत, मुलांना पाठवायचं म्हटलं तरी पाठवणार कुठे? तिथे आंतरराष्ट्रीय विभाग सांभाळणारे बेंग्ट निल्सन यांनी वेगळी वाट धरली. शहरातच नाना देशांतून आलेली माणसं राहत होती, मग शिक्षण घरबसल्या आंतरराष्ट्रीय का करू नये? ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना तिथून पुढे आली. तिचा रोख सरळ आहे: जे विद्यार्थी कुठेही जाणार नाहीत, त्यांच्या अभ्यासक्रमातच हे असलं पाहिजे.

दोन_खिडक्या (सोमवार, रात्री ११.१२)

भटक्या यांच्याशी अर्धी सहमत. मीही एक वर्ष परदेशी विद्यापीठात काढलं. आपल्याच भाषेच्या पाच जणी एका घरात राहिलो, एकत्र स्वयंपाक केला, सुट्टीत एकत्र फिरलो. परीक्षा दिली, परत आलो. त्या देशातल्या एकाही माणसाच्या घरी मी गेले नाही. याची खंत मला कितीतरी उशिरा वाटली. तिथे असताना मात्र मी अगदी खुशीत होते.

पुढे याच विषयावर काम करताना २००९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास वाचनात आला. साठेक परदेशी शिक्षणक्रमांतल्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांची जाण जाण्याआधी आणि आल्यानंतर मोजली होती. नुसतं तिथे राहिल्याने फारसा फरक पडत नाही, असं दिसलं. ज्यांना तिथे कुणीतरी नियमित भेटून ‘काय घडलं, तुला काय वाटलं, त्यांना काय वाटलं असेल’ असं विचारत होतं, त्यांची वाढ ठळक होती. माझ्या वर्षात असं विचारणारं कुणीच नव्हतं.

गणिती (मंगळवार, सकाळी ७.५०)

दोन_खिडक्या यांचा प्रतिसाद फार आवडला. +१

नवी_पाटी (मंगळवार, सकाळी ८.१५)

अवांतर: युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाणीची इरास्मस योजना १९८७ मध्ये ११ देश आणि तीन हजारांवर विद्यार्थी घेऊन सुरू झाली. २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने तिच्या परिणामांचा अहवाल काढला, त्यात एक अंदाज असा होता की या योजनेत भेटलेल्या जोडप्यांना तोवर सुमारे दहा लाख बाळं झाली. आंतरसांस्कृतिक क्षमतेचं याहून ठोस मोजमाप मला तरी माहीत नाही! :)

कंदील (मंगळवार, सकाळी ८.४०)

नवी_पाटी, हसू आलं. हे मोजमाप दोन क्रेडिटांत मात्र बसणार नाही!

तळटीप (मंगळवार, सकाळी ११.२०)

कंदील ताई, तुमच्या गटांचं काय चुकलं ते मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ सालीच लिहून ठेवलं आहे. पूर्वग्रह कधी कमी होतात, याचा शोध घेताना त्याने संपर्कासाठी चार अटी सांगितल्या. दोन्ही बाजूंना त्या प्रसंगात समान दर्जा हवा. ध्येय सामाईक हवं. ते गाठायला एकमेकांची गरज लागली पाहिजे, स्पर्धा नको. आणि संस्थेचं किंवा अधिकाऱ्यांचं उघड पाठबळ हवं.

आता तुमचे गट बघा. पाठबळ होतं, कारण गट तुम्ही पाडले. ध्येयही सामाईक, अहवाल. पण सहकार्याची गरजच नव्हती, कारण कामाचे तुकडे करता येत होते. आणि समान दर्जा तर मुळीच नव्हता. ज्याची भाषा चांगली तो शेवटच्या रात्री सगळ्यांचं लिखाण दुरुस्त करतो, म्हणजे तो संपादक आणि बाकीचे मजूर. चारांपैकी दोन अटी कोसळल्या.

टॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या अटी पाळल्या तर परिणाम अधिक होतो, असं त्यांना आढळलं. अटी अगदी अनिवार्य नाहीत, पण मदत मोठी. तेव्हा निराश होऊ नका, गट पाडणं चूक नव्हतं. पुढच्या वेळी काम असं द्या की ज्याचे तुकडेच पडणार नाहीत.

ओंजळ (मंगळवार, दुपारी १.०५)

तुकडे न पडणारं काम म्हणजे कसं? उदाहरण द्या ना.

तळटीप (मंगळवार, दुपारी १.३०)

ओंजळ, समजा विषय आहे ‘मृत्यूनंतर शरीर दान करावं का’. प्रत्येकाने आपापल्या घरातल्या दोन वडीलधाऱ्यांशी बोलायचं, त्यांची कारणं आणायची आणि मग चौघांनी मिळून एकच प्रश्नावली बनवायची, जी चौघांच्याही घरी अपमान न वाटता विचारता येईल. इथे भाषा चांगली असणारा एकटा काही करू शकत नाही. त्या घरात काय चालेल, हे फक्त त्या घरचं पोरच सांगू शकतं. दर्जा आपोआप समान होतो.

मूकनायिका (मंगळवार, संध्याकाळी ६.४५)

मी इथे क्वचित लिहिते, पण आज राहवत नाही. मी ‘त्या’ बाजूची आहे. परदेशात शिकताना वर्गातली एकटी बाहेरची विद्यार्थिनी.

माझा अनुभव नाव न विचारण्याच्या उलट होता. मला सतत विचारलं जाई. लग्न, धर्म, दारिद्र्य, स्त्रिया, कुठलाही विषय निघाला की शिक्षक वळून म्हणायचे, ‘तुमच्याकडे याबद्दल काय म्हणतात?’ त्यांचा हेतू अतिशय चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी एकवीस वर्षांची होते. ‘आमच्याकडे’ म्हणजे कोण? माझी आजी आणि माझी आई याच प्रश्नावर एकमेकींशी भांडल्या असत्या. मी काहीही बोलले तरी ते पूर्ण देशाचं मत म्हणून वहीत उतरणार, या धास्तीने मी हळूहळू गप्प झाले. मग ‘तिच्या संस्कृतीत मुली वर्गात बोलत नाहीत’ असा निष्कर्ष निघाला. तो मी स्वतः ऐकला.

कंदील ताई, कुणालाही त्याच्या देशाचा वकील करू नका. ‘तुमच्याकडे काय’ याऐवजी ‘तू काय पाहिलंस’ असं विचारा. एवढ्या एका बदलाने मी बोलले असते.

सावली (मंगळवार, संध्याकाळी ७.१०)

मूकनायिका, लिहिलंत हे फार बरं केलंत. शिक्षक म्हणून मीही असं विचारलं आहे, अनेकदा. उद्यापासून बंद.

पोस्टमन (मंगळवार, रात्री ८.२२)

गप्प राहण्यावरून आठवलं. २००९ मध्ये दहा भाषांचा एक अभ्यास झाला होता, हो-नाही अशा प्रश्नाला समोरचा किती वेळाने उत्तर देतो यावर. सरासरी अंतर साधारण पाव सेकंदाच्या आत. जपानी सर्वांत चटपटीत, जवळजवळ शून्य, आणि डॅनिश सर्वांत सावकाश, अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. सगळ्या भाषा या एवढ्याशा पट्ट्यात. ‘अमके लोक शांत, तमके बडबडे’ अशा आपल्या समजुतींच्या मानाने फरक किती चिमुकला आहे बघा. पण त्या अर्ध्या सेकंदाच्या फरकालाही आपला कान ‘हा कचरतोय’ किंवा ‘ही आगाऊ आहे’ असं नाव देऊन मोकळा होतो.

परक्या भाषेत विचार करणाऱ्याला तर याहून बराच वेळ लागणार. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांमध्ये पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब येऊ लागली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. चर्चेआधी दोन मिनिटं सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. हा नियम मी गटांना घालून देतो. साधन फुकट आहे आणि लागू पडतं.

गणिती (मंगळवार, रात्री ९.००)

मूकनायिकांना जे भोगावं लागलं त्याची पुस्तकी आवृत्ती म्हणजे देशांचे गुणांक. हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएम या एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून (१९६७ ते १९७३ च्या पाहण्या) देशांना सत्ता-अंतर (वरच्यांची सत्ता लोक किती सहज मान्य करतात), व्यक्तिवाद वगैरे आकडे दिले आणि १९८० मध्ये पुस्तक काढलं. तुलनेची नवी भाषा मिळाली हे श्रेय त्याचं. पण देशाची सरासरी एका माणसाला लावता येत नाही, हे खुद्द त्यानेच बजावलं होतं. तरीही वर्गात तेच आकडे दाखवून ‘या देशाचा माणूस भेटला तर असं वागा’ असं शिकवतात. सरासरी उंची माहीत असल्याने समोरच्याचा सदरा शिवता येतो का? माप घ्यावंच लागतं.

भटक्या_जमात (मंगळवार, रात्री ९.३५)

हे सगळं पटतंय. तरी एक विचारू का? इतकं फरक-फरक करत बसण्यापेक्षा ‘शेवटी आपण सगळी माणसंच’ एवढं मुलांच्या मनात रुजवलं तर पुरेसं नाही का? प्रवासात मला हेच जाणवलं. आई सगळीकडे आईच असते.

तळटीप (मंगळवार, रात्री १०.१०)

भटक्या, मिल्टन बेनेट या संशोधकाने १९८६ मध्ये, माणूस सांस्कृतिक फरकाकडे कसा बघत जातो, या प्रवासाच्या सहा पायऱ्या मांडल्या: नकार, बचाव, फरक कमी लेखणं, स्वीकार, जुळवून घेणं आणि एकात्मता. ‘सगळी माणसंच’ ही तिसरी पायरी. पहिल्या दोन पायऱ्यांपेक्षा नक्कीच वरची, पण अडकून पडायला सर्वांत सोयीची. कारण ‘सगळे सारखे’ म्हणताना मनात ‘माझ्यासारखे’ असं असतं. बहुसंख्य गटातल्या माणसाला ते सहज म्हणता येतं. त्या मुलीचं नाव न विचारणाऱ्या तिघांनाही बहुधा ‘सगळे सारखेच’ असंच वाटत असणार.

भटक्या_जमात (मंगळवार, रात्री १०.२४)

हे लागलं. पण माणूसपण ही नुसती एक पायरी, हे मान्य करायला मन तयार नाही. अनोळखी गावात ज्या बाईने मला तापात औषध आणून दिलं, तिने पायऱ्या मोजल्या नव्हत्या.

दोन_खिडक्या (मंगळवार, रात्री १०.५०)

भटक्या, मला वाटतं तुमचं दोघांचंही खरं आहे. त्या बाईने तुम्हाला ‘माणूस’ मानलं, पण तेवढ्यावर थांबली नाही. तुम्हाला काय हवंय ते विचारून आणलं. आपुलकी आणि चौकशी दोन्ही लागतात. शिवाय माणूस असा जिना चढल्यासारखा एकेक पायरी वर जात नाही, ही टीका बेनेट यांच्या मांडणीवर झालेली आहेच. थकलेला, घाबरलेला माणूस दोन पायऱ्या खाली येतो. मी परत आल्यावर आले होते. मायदेशी परतल्यावर काही महिने मला इथलं काहीच पटेना, घरच्यांशी बोलणं जड जाई. परतल्यावर येणारी ही दुसरी घसरण १९६३ मध्येच संशोधकांनी नोंदवली होती, पण मुलांना निरोप देताना कुणी सांगत नाही. परत येणाऱ्यांसाठी एक तास तरी ठेवा, कंदील ताई.

ओंजळ (बुधवार, सकाळी ७.२०)

नकार ते एकात्मता वाचून जरा दडपण आलं. पहिल्याच तासाला करता येईल असं काही आहे का? खेळ वगैरे?

पोस्टमन (बुधवार, सकाळी ९.०५)

ओंजळ, ‘बार्न्गा’ खेळा. शिवशैलम थियागराजन यांनी १९८० मध्ये लायबेरियात असताना बेतलेला पत्त्यांचा खेळ. चार-पाच टेबलं मांडायची. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद. मुलं वाचतात, दोन-चार डाव खेळून सराव करतात, मग कागद काढून घ्यायचे आणि बोलायला पूर्ण बंदी. हावभाव चालतील, चित्र काढलेलं चालेल, शब्द नाहीत. प्रत्येक फेरीनंतर जिंकणारा एका बाजूच्या टेबलावर जातो, हरणारा दुसऱ्या बाजूच्या.

गंमत अशी की नियमांचे कागद वेगवेगळे असतात आणि हे कुणालाच सांगितलेलं नसतं. एकीकडे एक्का मोठा, दुसरीकडे तोच सर्वांत लहान. एकीकडे हुकूम आहे, दुसरीकडे नाही. नव्या टेबलावर आलेला मुलगा आपला हात जिंकला म्हणून पत्ते ओढतो, आणि तिथली मुलगीही ओढते. कुणाला वाटतं समोरचा लबाड आहे, कुणाला वाटतं बावळट आहे. कुणी मुकाट्याने पत्ते सोडून देतो. माझ्या वर्गात एक शांत मुलगा तीन फेऱ्या सलग पत्ते सोडत गेला. नंतर म्हणाला, ‘मी नवा होतो, म्हणजे चूक माझीच असणार असं वाटलं.’ वर्ग एकदम गप्प झाला. परदेशी मुलांपैकी दोघी मान हलवत होत्या.

पण नीट ऐका: खेळ वीस मिनिटांचा, आणि त्यावरचं बोलणं किमान चाळीस मिनिटांचं. वेळ कमी आहे म्हणून बोलणं गाळलंत तर नुसता पत्त्यांचा डाव होतो.

नवी_पाटी (बुधवार, सकाळी ९.४०)

वाचनखूण साठवली. येत्या शुक्रवारीच करून बघते.

उलटतपासणी (बुधवार, दुपारी १२.१५)

सगळं वाचलं. माझा आक्षेप मुळावर आहे. ही ‘क्षमता’ कुणासाठी? बहुतेक चौकटी श्रीमंत देशांत तयार झाल्या. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल हे अभ्यासक्षेत्र उभं करत होते ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत, मुत्सद्द्यांना तयार करण्यासाठी. नंतर कंपन्यांनी ते उचललं. म्हणजे सत्ता असलेल्याने समोरच्याला नीट हाताळायचं कसं, याचं शिक्षण. ज्याच्याकडे सत्ता नाही, तो तर जन्मापासून दुसऱ्याची संस्कृती शिकतच असतो, नाहीतर त्याचं पोट भरत नाही. त्याला कुणी क्रेडिट देतं का?

सावली (बुधवार, दुपारी १.३०)

उलटतपासणी, हा आक्षेप अभ्यासक्रमात घ्यायलाच हवा. विभागाने नाव ‘क्षमता’ दिलं असलं तरी.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांची १९९७ ची मांडणी मला याच कारणासाठी जवळची वाटते. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: कुतूहल आणि मोकळेपणा, ज्ञान, दुसऱ्याचं म्हणणं आपल्याशी ताडून त्याचा अर्थ लावणं, प्रत्यक्ष भेटीतून नवं शोधून काढणं, आणि पाचवी चिकित्सक सांस्कृतिक भान. दुसऱ्याच्या तसंच स्वतःच्या समाजातल्या रीती, सत्ता, अन्याय यांकडे निकष उघड सांगून चिकित्सेने बघणं. तिथे ‘समोरच्याला हाताळणं’ बसत नाही.

तुमचं दुसरं वाक्य तर मी विद्यार्थ्यांपुढे जसंच्या तसं ठेवणार आहे. वर्गातली जी मुलं दोन-तीन भाषांत जगतात, घरी एक आणि बाहेर दुसरी माणसं असतात, ती या विषयात आधीच पुढे आहेत. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

मूकनायिका (बुधवार, दुपारी २.१०)

सावली, शेवटच्या दोन वाक्यांसाठी धन्यवाद.

उलटतपासणी (बुधवार, दुपारी २.४०)

अजून एक. ज्यांची मातृभाषाच वर्गाची भाषा आहे, त्यांनाही प्रशिक्षण द्या. सावकाश बोलणं, वाक्प्रचार टाळणं, ‘मला असं समजलं, बरोबर का’ असं विचारणं. आज इंग्रजी ही मातृभाषा नसलेलेच बोलणारे जास्त आहेत. तरी समजून घेण्याचं सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर असतं.

गणिती (बुधवार, संध्याकाळी ६.००)

धागा छान चालला आहे, पण कंदील ताईंचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. गुण कशाला द्यायचे?

मोजमापाचा इतिहास फारसा सुखाचा नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीने २०१८ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांची ‘जागतिक क्षमता’ मोजली. प्रश्नावली साठाहून अधिक देशांत भरली गेली, प्रत्यक्ष चाचणी मात्र २७ देश आणि प्रदेशांनीच घेतली. आणि प्रश्नावलीत काय, तर ‘मी इतर संस्कृतींतल्या लोकांचा आदर करतो’ हे वाक्य तुम्हाला किती लागू पडतं. यावर ‘अजिबात नाही’ कोण लिहील?

दोन_खिडक्या (बुधवार, संध्याकाळी ७.१५)

गणिती, यावर डार्ला डिअरडॉर्फ यांचा २००६ चा अभ्यास उपयोगी आहे. त्यांनी २३ तज्ज्ञांची मतं फेरी-फेरीने घेऊन सहमती शोधली. जी व्याख्या सर्वाधिक मान्य झाली तिच्यात दोन शब्द होते: परिणामकारक आणि उचित. वागणं परिणामकारक झालं का, हे मी ठरवू शकते, कारण मला काय साधायचं होतं ते मला ठाऊक आहे. पण ते उचित होतं का, हे फक्त समोरचा सांगू शकतो. म्हणून स्वतःच स्वतःला दिलेले गुण या विषयात अर्धेच ठरतात. त्या मुलीच्या गटातल्या तिघांनी स्वतःला दहापैकी आठ दिले असते.

तळटीप (बुधवार, रात्री ८.३०)

वृत्तीला गुण देऊ नका, विचाराच्या शिस्तीला द्या. एक जुना, साधा सराव आहे: वर्णन, अर्थ, मूल्यमापन. एखादा प्रसंग घ्यायचा आणि तीन रकाने करायचे. काय दिसलं. त्याचा अर्थ काय असू शकतो, आणि किमान तीन अर्थ. मग मला काय वाटलं. पहिल्या आठवड्यात मुलं पहिल्याच रकान्यात ‘तो उर्मटपणे निघून गेला’ असं लिहितात. उर्मटपणा डोळ्यांना दिसत नाही. दिसलं ते एवढंच, की तो बोलणं संपण्याआधी उठला. हा फरक बाराव्या आठवड्यापर्यंत स्वच्छ झाला का, तिसरा अर्थ समोरच्याला विचारून मिळवला का, हे तपासता येतं. याचा देखावा करणं अवघड आहे, कारण देखावा करायचा म्हटला तरी नीट बघावंच लागतं.

युरोप परिषदेने २००९ मध्ये ‘आंतरसांस्कृतिक भेटींचं आत्मचरित्र’ नावाचं साधन काढलं, त्यातही असेच टप्प्याटप्प्याचे प्रश्न आहेत. विद्यार्थ्याने एकच प्रसंग निवडायचा आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, इथपर्यंत जायचं.

ओंजळ (बुधवार, रात्री ९.०५)

आणि ज्या वर्गात सगळी एकाच ठिकाणची मुलं आहेत, त्यांनी? आमच्या महाविद्यालयात बाहेरचं कुणीच नाही.

पोस्टमन (बुधवार, रात्री ९.२५)

ओंजळ, एक तर ‘सगळी सारखी’ हे तपासून बघा. गाव आणि शहर, पहिल्या पिढीचे शिकणारे आणि प्राध्यापकांची मुलं, ऐकू न येणारे आणि ऐकू येणारे, यांत अंतर कमी नसतं. दुसरं, दुसऱ्या देशातल्या वर्गाशी ऑनलाइन जोडून घ्या. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ मध्ये यासाठी केंद्रच काढलं. दोन शिक्षक मिळून पाच-सहा आठवड्यांचा एक भाग आखतात आणि दोन्हीकडची मुलं मिश्र गटांत काम करतात. पहिला आठवडा निव्वळ ओळखीला द्यायचा. तो वाचवायचा मोह होतो, पण वाचवू नका. वेळेतला फरक, अडखळणारं इंटरनेट, ‘उद्या देतो’ म्हणजे नेमकं कधी, या कटकटी म्हणजेच अभ्यासक्रम आहे.

कंदील (गुरुवार, सकाळी ६.५०)

तीन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. कच्चा आराखडा असा झाला आहे.

पहिला तास नावांचा. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, कुणी ठेवलं ते सांगायचं, आणि समोरच्याकडून बरोबर येईपर्यंत म्हणवून घ्यायचं. माझ्याकडूनसुद्धा. दुसऱ्या तासाला बार्न्गा, चाळीस मिनिटं बोलण्यासाठी राखून. मग तळटीप म्हणतात तसं तुकडे न पडणारं काम, आणि दर बैठकीआधी दोन मिनिटं लिखाण. ‘तुमच्याकडे काय’ हा प्रश्न वर्गात कुणी विचारणार नाही, मी तर नाहीच. उलटतपासणी यांच्या आक्षेपासाठी एक पूर्ण आठवडा. परदेशातून परतलेल्यांसाठी एक तास.

चाळीस गुण तीन रकान्यांच्या नोंदवहीला. तीस गुण एका प्रसंगाच्या आत्मचरित्राला. उरलेले तीस गटाच्या कामाला, आणि त्यात एक भाग असा: गटातल्या प्रत्येकाबद्दल इतरांनी लिहायचं, ‘याच्या कोणत्या एका कृतीमुळे मला बोलणं सोपं गेलं.’ ‘हा चांगला आहे’ असं लिहून चालणार नाही, कृती सांगावी लागेल.

आणि एक राहिलं. अभिप्राय निनावी होते, त्यामुळे ‘ती’ कोण हे मला ठाऊक नाही. म्हणून काल वर्गातल्या छत्तीसही जणांना बोलावलं आणि प्रत्येकाला नावाचा उच्चार विचारला. चौदा जणांचा मी चार महिने चुकीचा करत होते.

मूकनायिका (गुरुवार, सकाळी ७.३०)

ताई, त्या चौदांपैकी एक मी असते तर मला काय वाटलं असतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

उलटतपासणी (गुरुवार, सकाळी ९.१०)

आराखडा चांगला आहे. गटातल्यांनी लिहायचा भाग गुणांआधी एकदा, सत्राच्या मध्यावर, बिनगुणांचा करून घ्या. नाहीतर बोलणं सोपं करायची संधी मिळायच्या आतच निकाल लागेल.

ओंजळ (गुरुवार, सकाळी १०.००)

कंदील ताई, माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत. तुमच्या सत्रातल्या सहा आठवड्यांसाठी जोडून घ्याल का? आपल्या वेळेत साडेचार तासांचा फरक पडेल. तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा आमची दुपार चालेल.

कंदील (गुरुवार, सकाळी १०.१२)

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. नावांची यादी उच्चारासकट ध्वनिमुद्रित करून पाठवाल का? पहिल्या तासाआधी पाठ करायची आहे.